कुमानोची समुद्रावरील आतषबाजी : सत्तरीच्या आईवडिलांना न्यावे का?

नागोयाकर

नमस्कार. गेली चार वर्षे मी नोकरीनिमित्त नागोयात राहतो. या उन्हाळ्यात आईवडील प्रथमच जपानला येत आहेत; २ ऑगस्टला येतील आणि २१ ऑगस्टला परत जातील. वडिलांना ७३ वे वर्ष चालू आहे आणि त्यांना चालण्याचे काहीच वाटत नाही. आई ६९ वर्षांची आहे, तिचे गुडघे मात्र कुरकुरतात.

दरवर्षी १७ ऑगस्टला मिए प्रांतातील कुमानो येथे समुद्रावर मोठी आतषबाजी होते. मी ती अद्याप पाहिलेली नाही. कार्यालयातील एक सहकारी म्हणतो की जन्मात एकदा तरी पाहावी; दुसरा म्हणतो की पाहावी जरूर, पण परतीच्या प्रवासात माणूस पुन्हा म्हणून आतषबाजीचे नाव काढत नाही. वृद्ध माणसांना घेऊन तेथे जाणे शहाणपणाचे आहे का, की आतामीसारखे, म्हणजे समुद्रकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांच्या गावासारखे, सोपे ठिकाण निवडावे? अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिरवा_चहा

मी कुमानोला दोनदा गेलो आहे, एकदा मोटारीने आणि एकदा रेल्वेने, आणि मोटारीची चूक पुन्हा करणार नाही. हे पंधरा-सोळा हजार वस्तीचे गाव आहे. त्या एका रात्री तेथे लाखाहून अधिक माणसे उतरतात आणि कार्यक्रम संपल्यावर सगळीच्या सगळी ४२ क्रमांकाच्या महामार्गाकडे वळतात. रात्री साडेनऊला आम्ही गाडी सुरू केली आणि पहाटे चारला घरी पोहोचलो. त्यातले पहिले दोन तास आम्ही एकाच पेट्रोल पंपाची पाटी वाचत होतो.

आता आतषबाजीविषयी. शिचिरी-मिहामा हा किनारा वाळूचा नाही, तो गोट्यांचा आहे आणि सुमारे २२ किलोमीटर लांब पसरलेला आहे. त्या रात्रीचा खरा मान तीन शाकूच्या गोळ्याला असतो. शाकू हे जुने जपानी माप, साधारण ३० सेंटिमीटरचे. म्हणजे गोळ्याचा व्यास जवळपास ९० सेंटिमीटर आणि वजन सुमारे २५० किलो. इतर ठिकाणी असा गोळा जाड नळातून आभाळात उडवतात. येथे तो तराफ्यावर बसवून किनाऱ्यापासून सुमारे ४०० मीटरवर नेतात आणि तेथेच, पाण्यावर, फोडतात. पाण्याच्या रेषेवरून उजेडाचा जो अर्धवर्तुळाकार पंखा उघडतो, त्याची रुंदी ६०० मीटरच्या घरात असते. आधी सगळा किनारा असा उजळतो की पुढे बसलेल्या माणसाच्या टोपीवरची अक्षरे वाचता यावीत. त्यानंतर सव्वा सेकंदाने आवाज पोहोचतो, आणि तो कानाआधी छातीला जाणवतो. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी चहाचा थर्मास आधीपासूनच दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. त्या दरवर्षी येत असाव्यात.

त्याआधी दोन होड्या भरवेगाने एकमेकींच्या दिशेने निघतात आणि होडीवरची माणसे पेटवलेले गोळे एकामागून एक समुद्रात टाकत जातात. होडी पुढे आणि तिच्या मागे पाण्यातून उमलत जाणारी अर्धफुलांची रांग, असे ते दृश्य असते. शेवटी ओनिगाजोच्या खडकांवर आणि गुहांच्या तोंडाशी ठेवलेले गोळे फोडतात, तेव्हा कडा आणि गुहा मिळून आवाज परत फेकतात. ओनिगाजो म्हणजे राक्षसाचा किल्ला. नाव का पडले असेल, हा विचार त्या क्षणी कोणी करीत नाही.

पुणेरी_पाटी

आईंचे गुडघे महत्त्वाचे की चिरंजीवांची हौस, एवढे आधी ठरवावे. पुढचे सर्व प्रश्न आपोआप सुटतात.

सागरवेडी

पुणेरी_पाटी यांच्याशी मी सहमत आहे आणि म्हणूनच आतामीच्या बाजूने लिहिते. आतामीची समुद्रावरील आतषबाजी १९५२ मध्ये सुरू झाली. त्याआधी १९४९ च्या वादळाने आणि १९५० च्या मोठ्या आगीने गावाचे कंबरडे मोडले होते. त्यातून गाव उभे राहावे म्हणून ही प्रथा पडली आणि आता ती वर्षातून दहाहून अधिक वेळा होते. ऑगस्टमध्ये तर अनेक तारखा असतात. शिनकान्सेनने, म्हणजे जपानच्या अतिवेगवान रेल्वेने, उतरायचे, उतार चालत किंवा टॅक्सीने किनाऱ्यावर जायचे, वीस-पंचवीस मिनिटे आतषबाजी पाहायची आणि मुक्कामाच्या जागी जाऊन गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचे. गाव तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे, त्यामुळे उखळात मुसळ पडावे तसा प्रत्येक आवाज घुमतो. खोली समुद्राच्या बाजूची मिळाली तर गुडघ्यांना एक पायरीही उतरावी लागत नाही.

हिरवा_चहा

सागरवेडी, आतामी सोयीचे आहे हे मान्य. परंतु वीस मिनिटांची आतषबाजी आणि जवळपास दोन तासांची आतषबाजी यांची तुलना होत नाही. आतामीला माणसे अंघोळीला जातात आणि जाताजाता आतषबाजी पाहतात.

सागरवेडी

मग त्यात वाईट काय आहे? माझ्या सासूबाईंनी तर पुरणपोळी आणि गरम कुंड यांनाच आयुष्यातील दोन मोठी सुखे ठरवले आहे, आणि दुसरे त्यांना आतामीने दिले.

तात्या_सातारकर

चर्चा रंगली आहे, पण एक शंका आहे. कुमानोची आतषबाजी मुळात मृतांसाठी असते, असे ऐकले आहे. आपल्याकडे पितृपक्षात साधी खरेदीसुद्धा लोक टाळतात. मग तेथे पितरांसाठी दारूकाम कसे चालते?

मिएची_सूनबाई

तात्या, आपण योग्य ऐकले आहे. माझे सासर मिए प्रांतातीलच आहे, त्यामुळे घरात पाहिलेले सांगते.

ओबोनच्या दिवसांत, म्हणजे १३ ते १६ ऑगस्टला, पितर घरी येतात अशी श्रद्धा आहे. पूर्वी हा सण चांद्र महिन्याने होत असे. १८७३ पासून जपानने इंग्रजी कालगणना स्वीकारली आणि बहुतेक प्रांतांत सण ऑगस्टच्या मध्यावर स्थिरावला, त्यामुळे तिथी पाहावी लागत नाही. आपल्या पितृपक्षासारखे वातावरण जड नसते. माणसे गावी जातात, थडगी धुतात, फुले वाहतात, नातवंडे धुडगूस घालतात. घरातील माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या ओबोनला मात्र वेगळे महत्त्व असते; त्याला हात्सुबोन म्हणतात. कुमानोची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी मानतात आणि तिचे मूळ हात्सुबोनच्या श्राद्धविधीच्या वेळी उडवलेल्या साध्या दारूकामात आहे. आजही तेथे गेल्या वर्षभरात गेलेल्यांच्या स्मरणार्थ आतषबाजी होते आणि हात्सुबोनचे कंदील अग्नीला दिले जातात.

सासऱ्यांच्या हात्सुबोनला आम्ही सारे तेथे होतो. नवऱ्याचे मामा, जे घरात कोणाशी दोन वाक्ये बोलत नाहीत, ते त्या वेळी उठून उभे राहिले आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत उभेच राहिले. मागच्या माणसांना दिसत नव्हते, पण कोणी त्यांना बसा म्हटले नाही. नंतर मोठे गोळे सुरू झाले, तेव्हा तेच मामा तोंडभर भाजलेले मक्याचे कणीस खात होते. दुःख आणि जत्रा एकाच चटईवर बसतात, असे मला त्या रात्री दिसले.

तात्या_सातारकर

धन्यवाद, सूनबाई. आमच्या आजोबांना जत्रेतील औटगोळ्यांचा भारी षोक होता. ही पद्धत त्यांना पसंत पडली असती.

रसायनवाला

हिरवा_चहा यांनी दिलेल्या ६०० मीटरच्या आकड्यावर कोणाला शंका येऊ नये म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो. जपानी गोळा आतून कांद्यासारखा रचलेला असतो. कागदी कवचाच्या आतल्या बाजूला ज्वलनशील मिश्रणाच्या गोळ्या, ज्यांना ते तारे म्हणतात, ओळीने बसवतात आणि मध्यभागी फोडणारी दारू भरतात. गोळा फुटला की तारे सर्व दिशांना सारख्या वेगाने जातात, म्हणून जपानी आतषबाजी कोणत्याही बाजूने गोलच दिसते. तीन शाकूचा गोळा आकाशात साडेपाचशे-सहाशे मीटर व्यासाचे फूल उघडतो. पाण्यावर फोडला की खालचे अर्धे फूल समुद्र गिळतो आणि वरचे अर्धे आपल्याला दिसते; रुंदी तेवढीच राहते. तांबड्या रंगासाठी स्ट्रॉन्शियम, हिरव्यासाठी बेरियम, पिवळ्यासाठी सोडियम आणि निळ्यासाठी तांबे वापरतात. निळा सर्वांत अवघड, कारण ज्योत जास्त तापली की तो फिका पडतो. ताऱ्यांनी मागे शेपूट सोडली तर त्या फुलाला शेवंती म्हणतात, शेपूट नसेल तर पिओनी.

नागोयाकर यांच्यासाठी मात्र यापेक्षा महत्त्वाची गोष्ट समुद्राची आहे. कुमानोचा किनारा थेट प्रशांत महासागराला तोंड देऊन उभा आहे. ऑगस्टमध्ये शेकडो किलोमीटर दूर एखादे तुफान असले तरी त्याच्या लांब लाटा दोन-तीन दिवस आधी येथे येऊन पोहोचतात. वर आकाश निरभ्र असते, वाऱ्याची झुळूकही नसते, पण तराफा आणि होड्या समुद्रात नेता येत नाहीत आणि कार्यक्रम पुढे ढकलावा लागतो. असे तेथे वरचेवर घडते. २१ तारखेचे विमान असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवावी.

भटकभवानी

हाच मुद्दा मी मांडणार होते. म्हणूनच माझे मत काशिवाझाकीला आहे. नीगाता प्रांतात एक बोलणे आहे : समुद्राची काशिवाझाकी, नदीची नागाओका, डोंगराची काताकाई. काशिवाझाकीची आतषबाजी वार कोणताही असो, २६ जुलैलाच होते. ते गाव जपानच्या समुद्राच्या बाजूला आहे. हिवाळ्यात तो समुद्र खवळलेला असतो, पण उन्हाळ्यात सहसा शांत राहतो. पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे आधी सूर्य समुद्रात बुडताना पाहायचा आणि मग त्याच पाण्यावर आतषबाजी. नागाओकाची २ आणि ३ ऑगस्टला असते. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री तेथे झालेल्या बॉम्बहल्ल्यातील मृतांचे स्मरण तिच्याशी जोडलेले आहे.

पुणेरी_पाटी

भटकभवानी, नागोयाकरांचे आईवडील २ ऑगस्टला येत आहेत. २६ जुलैची आतषबाजी त्यांनी विमानातून पाहावी, असे आपले म्हणणे आहे का?

भटकभवानी

चूक मान्य. उत्साहाच्या भरात तारीख पाहिली नाही.

विवेकी_कोकणी

थोडा विरोधी सूर लावतो. दिवाळीत आपणच लिहितो की फटाके नकोत, धूर नको, पक्षी घाबरतात. मग जपानमध्ये तासन्तास दारू जळते, तिला आपण संस्कृती म्हणून टाळ्या का वाजवायच्या? अडीचशे किलोचा गोळा पाण्यावर फोडल्यावर त्या पाण्यातील मासळीचे काय होत असेल, हा प्रश्न माझ्यासारख्या खाडीकाठच्या माणसाला पडतो.

हिरवा_चहा

प्रश्न रास्त आहे आणि मासळीविषयी मी काही सांगू शकत नाही. एक फरक मात्र दिसतो. तेथे गावाची सगळी दारू एका रात्री, एका जागी, परवानाधारक कारागिरांच्या हातून जळते; आपल्याकडे ती आठवडाभर प्रत्येक जिन्याखाली फुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गावकरी पिशव्या घेऊन कचरा वेचताना मी स्वतः पाहिले आहेत. तरीही धूर तो धूरच, हे आपले म्हणणे मी खोडून काढणार नाही.

नागोयाकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन व्यावहारिक प्रश्न राहिले आहेत. घरचे पूर्ण शाकाहारी आहेत, तर खाण्याचे काय करावे? आणि गर्दीत वृद्धांची सुरक्षितता कितपत सांभाळली जाते?

मिएची_सूनबाई

खाण्याचे घरूनच न्यावे. किनाऱ्यावरच्या टपऱ्यांत याकिसोबा, म्हणजे परतलेल्या शेवया, असतो त्यात डुकराचे मांस, भाजलेला माकूळ असतो तो माकूळच, आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या रश्शातसुद्धा माशाचा अर्क असतो. बर्फाचा गोळा, भाजलेले कणीस आणि काकडी यांवर रात्र निघत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे न्यावे. माझ्या सासूबाई आता स्वतःहून त्या पुऱ्यांची आठवण करून देतात. पाणी भरपूर घ्यावे. दुपारी गोटे इतके तापतात की नुसत्या पातळ चटईवर बसवत नाही, म्हणून खाली जाड गादीसारखे काहीतरी हवेच. आईंसाठी घडीची बुटकी खुर्ची न्यावी, पण आपल्या जागेवर तशी खुर्ची चालते का, हे आधी विचारावे, कारण मागच्यांचे दिसणे अडते. स्वच्छतागृहाची रांग अंधार पडल्यावर फार लांबते. तेथे उजेड असतानाच जाऊन यावे.

आकाशीचा_शेजारी

सुरक्षिततेविषयी लिहितो, कारण मी आकाशी शहराच्या जवळ राहतो. २१ जुलै २००१ रोजी तेथील समुद्रकिनाऱ्यावर आतषबाजी झाली आणि किनारा व असागिरी स्थानक यांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर जाणारे आणि येणारे एकमेकांसमोर आले. चेंगराचेंगरीत ११ जण गेले. त्यांत ९ लहान मुले होती आणि २ वृद्ध. मुंबईच्या सभासदांना २९ सप्टेंबर २०१७ चा एल्फिन्स्टन रोडचा पूल आठवेल. आकाशीनंतर जपानमध्ये गर्दीच्या बंदोबस्ताकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आज आपल्याला स्थानकाबाहेर दोरखंड लावून टप्प्याटप्प्याने सोडतात, जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा ठेवतात, आणि पुलावर थांबून छायाचित्र काढू लागलात तर भोंग्यावरून पुढे चालायला सांगतात. अनेकांना त्याचा त्रास होतो. मला होत नाही. वृद्ध बरोबर असतील तर शेवटचा गोळा फुटताच उठून धावू नये. गर्दी ओसरेपर्यंत तासभर बसून राहावे. त्या पुलाशी मृतांचे स्मारक आहे आणि त्यावरून जाताना आजही माझी पावले आपोआप हळू पडतात.

सागरवेडी

आकाशीचा_शेजारी यांचे म्हणणे वाचल्यावर एवढेच सुचवते. आतामीची ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातील एखादी तारीख हातची म्हणून ठेवावी आणि कुमानोचे नशिबावर सोडावे. कुमानोला गेलातच तर मुक्काम गावातच करावा, म्हणजे परतीच्या गाडीचा धाक राहत नाही.

रसायनवाला

उत्तम सल्ला. त्यात भर एवढीच की बसताना वारा पाठीवर येईल अशी जागा पाहावी. वारा अगदीच नसेल तर पहिल्या पाच मिनिटांचा धूर तसाच लटकून राहतो आणि पुढचे गोळे त्याच्या आड फुटतात. समुद्रावरून वारा तोंडावर येत असेल तर तोच धूर आणि कवचाचे जळके कागद आपल्या डोक्यावर उतरतात.

नागोयाकर

(२४ ऑगस्ट)

धागा वर काढतो, कारण ज्यांनी इतके लिहिले त्यांना काय झाले हे कळवणे माझे कर्तव्य आहे.

आतामी आधी उरकली. खोली समुद्राच्या बाजूची मिळाली नाही, परंतु किनारा पाच मिनिटांवर होता. आवाज घुमतो हे अगदी खरे आहे. पहिल्या गोळ्याला आईने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तेथे वळ दिसत होता. शेवटी समुद्राच्या पूर्ण रुंदीवर रुपेरी धबधबा उतरला, तेव्हा वडील म्हणाले, "संपले? एवढ्यात?" हिरवा_चहा यांना हे वाचून समाधान वाटेल.

कुमानोला आम्ही १६ तारखेलाच पोहोचलो. नागोयाहून नानकी एक्सप्रेसने तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागला आणि स्थानकापासून किनारा इतका जवळ आहे की आईने टॅक्सीला नकार दिला. एका घरगुती खानावळवजा मिन्शुकूत मुक्काम होता. १७ तारखेला सकाळी मालकीणबाईंनी चहा ठेवता ठेवता सांगितले की लाटा मोठ्या आहेत, आतषबाजी पुढे ढकलली आहे. बाहेर लख्ख ऊन होते. आईला पटेना, तिने मला दोनदा विचारले की भाषा समजण्यात माझी काही चूक तर होत नाही ना.

संध्याकाळी तरीही आम्ही पुऱ्यांचा डबा घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसलो. वारा नव्हता. वडील निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. त्यांनी घड्याळ हातातून काढून गोट्यांवर ठेवले आणि लाटा मोजू लागले. दोन लाटांमध्ये बारा ते तेरा सेकंद जात होते. लाट फुटली की आधी एक जड आवाज, मग पाणी मागे सरताना हजारो गोटे एकमेकांवर घरंगळल्याचा खडखडाट, आणि पुन्हा शांतता. "ही लाट येथली नाही, फार लांबून आली आहे," असे ते म्हणाले. रसायनवाला यांचा प्रतिसाद मी त्यांना दाखवलेला नव्हता. त्यांनी तो दुसऱ्या दिवशी गाडीत वाचला आणि एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक काढली.

नवी तारीख त्यांच्या परतीनंतरची आली आणि त्या दिवशी मलाही रजा मिळत नाही. त्यामुळे मूळ प्रश्नाचे उत्तर मी अर्धेच देऊ शकतो. वृद्धांना कुमानोला नेणे अवघड नाही, मात्र गावात मुक्काम हवा आणि मागेपुढे चार-सहा मोकळे दिवस हवेत.

रसायनवाला

कोणत्या शब्दाची चूक काढली, ते कृपया कळवावे.

नागोयाकर

"शेपूट" पुल्लिंगी, असे त्यांचे म्हणणे आहे.

तात्या_सातारकर

आमच्या साताऱ्यात शेपूट स्त्रीलिंगी आहे आणि कोकणात नपुंसकलिंगी. यासाठी वेगळा धागा काढावा.

पुणेरी_पाटी

शेपटाचे राहू द्या. आईंचे गुडघे कसे आहेत?

नागोयाकर

आतामीच्या गरम पाण्याने पुष्कळ आराम पडला. निघताना आईने मालकीणबाईंना खुणांनी विचारले की पुढच्या १७ ऑगस्टची खोली आताच मिळेल का. त्यांनी वही काढली आणि नाव विचारले. मी माझे सांगू लागलो, तर आईने मला थांबवून स्वतःचे सांगितले. मालकीणबाईंनी ते तीनदा म्हणायला लावून काताकाना लिपीत लिहून घेतले आणि पुढे कंसात "खुर्ची एक" असे टिपले.